भूतानच्या विजेचा हिशेब सातवीच्या वर्गाला कोण सांगणार?

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. परवा भूगोलाच्या तासाला फळ्यावर आसाममधल्या कोक्राझारपासून भूतानच्या गेलेफूपर्यंत रेघ मारली. भूतानला पहिल्यांदाच रेल्वे जाणार, ६९ किलोमीटर, एवढं सांगेस्तोवर मागच्या बाकावरून आलं, "सर, पैसे कोण देणार?" म्हटलं, भारत. "मग आपल्या वाडीचा रस्ता का होत नाही?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. वाडीच्या रस्त्याची खडी दोन पावसाळे कडेला पडून आहे, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तुमच्या खात्याने एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी ठेवले होते. त्या ६९ किलोमीटरांतले बहुतेक आपल्याच हद्दीत आहेत, हे सांगून पाहिलं. पोरं बधली नाहीत.

शेवटी भूतानच्या विजेकडे वळलो आणि विहिरीचं उदाहरण काढलं. विहीर एकाच्या रानात, मोटर दुसऱ्याची, पाणी दोघांना. भूतानमधला चुखाचा वीजप्रकल्प तसाच. नदी भूतानची, पैसा आपला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. अनुदान म्हणजे मामाने हातावर ठेवलेले पैसे, कर्ज म्हणजे सोसायटीचं. सोसायटी म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. घरोघरी तेच आहे. चुखाची ३३६ मेगावॉटची यंत्रं पावसाळ्यात जोरात फिरतात, तेव्हा भूतानला पुरून उरलेली वीज आपण विकत घेतो. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की भूतान आपल्याकडून वीज घेतं. एकीने वहीत तार काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना बाण काढले. मी सांगितलं नव्हतं.

पण पुनात्सांगछू-२ या भूतानमधल्याच नंतरच्या वीजप्रकल्पाला हेच प्रमाण ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असं झालं. मामाचा हात आखडला का, असं पोरांनी विचारलं, तर 'विकास भागीदारी' हा तुमचा शब्द मी तोंडावर कसा मारू?

मागणी छोटी आहे. सीमेपलीकडच्या अशा प्रत्येक प्रकल्पाचं एक पान मराठीत काढा. दिले किती, उसने किती, परत कधी येणार, आपल्याला काय मिळणार, बस्स. मसुदा हवा तर आमच्या वर्गाकडे पाठवा. न कळलेल्या शब्दांखाली लाल रेघा मारून परत देऊ.

वाडीचा रस्ता तुमच्या खात्यात येत नाही, हे मी पोरांना सांगितलंय. त्यांना पटलेलं नाही.

आपला,
एक शिक्षक