तांब्याला ॲल्युमिनियमची जोड नको

संपादक महोदय,

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून मुले संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवायला घरीच पाण्याचा ब्लॉक (आतल्या चरांतून पाणी फिरणारा, प्रोसेसरवर बसणारा ठोकळा) बनवतात. कौतुकच आहे! पण तळाला ५ मिमी जाड तांब्याची पट्टी घ्यावी. सपाट काचेवर ४००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती घासावी. चमकेपेक्षा सपाटी महत्त्वाची. ब्लॉकमधून तापून आलेले पाणी थंड करणारा रेडिएटर ॲल्युमिनियमचा मुळीच नको. एकाच पाण्यात तांब्यासोबत ॲल्युमिनियम गंजते, गाळ ब्लॉकच्या चरांत अडकतो. बोअरच्या पाण्याचे क्षारही तिथेच बसतात; डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. नळ्यांना क्लॅम्प लावून, संगणकाबाहेर कोऱ्या कागदावर ब्लॉक ठेवून २४ तास पंप चालवावा. कागदावर एक डागही दिसला तर जोड पुन्हा करावा.

– एक वाचक, भुसावळ