समाजमंदिर ठेक्याने देऊ नका

संपादक साहेब,

गावातली समाजमंदिरं ठेक्याने द्यावीत म्हणजे ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळेल, असं सांगणारा लेख तुमच्या पेपरात वाचला आणि अजिबात पटलं नाही. मी यावल तालुक्यातला, आमच्या गावात हा प्रयोग होऊन गेलाय.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. आता 1 मेची ग्रामसभा बघा, आपल्या खान्देशात तेव्हा पारा 42-43 ला टेकलेला असतो आणि लग्नाची तिथीही दाट असते, त्यामुळे ग्रामसभा जिथे भरायची तो समाजमंदिराचा हॉल ठेकेदाराकडे, आत हळदीचा मांडव, डीजे चालू, आणि आम्ही शाळेच्या पत्र्याखाली रुमाल डोक्यावर टाकून बसलेलो. म्हातारी माणसं अर्ध्या तासात उठून गेली, बायका तर आल्याच नाहीत, कोरम कुठून होणार? सभा तहकूब.

लग्नाला हॉल देऊ नका असं माझं म्हणणं नाही, गरिबाच्या पोरीचं लग्न तिथेच व्हायला पाहिजे. पण चावी ग्रामपंचायतीकडेच राहू द्या, भाडं किती घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवा, पावती फाडा, आणि ग्रामसभेच्या चार तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच बुकिंगच्या रजिस्टरात लाल पेनाने लिहून टाका. त्याच भाड्यात लाईट बिल, झाडलोट, पंख्यांची दुरुस्ती आरामात निघते, आमच्याकडे ठेक्याच्या आधी निघतच होती.

— एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव