बाबा, सार तुम्ही करायचं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. आईच्या मनगटाला प्लास्टर घालून दोन आठवडे झाले, अजून चार काढायचेत. बाबा, तुम्ही म्हणालात, "डबा लावलाय, काळजी करू नकोस." मागून आई एक शब्द बोलली नाही. डब्यातली तेलकट भाजी तिच्या घशाखाली उतरत नाही, पण ती तुम्हाला तसं सांगायची नाही. म्हणून हे पत्र. फोनवरचं विसरायला होतं, कागद ओट्याजवळ ठेवता येतो.

त्यात तुम्ही पिंपळगावहून टोमॅटोचा अख्खा क्रेट आणलात. २० किलो! भाव पडले की तुम्हाला राहवत नाही. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याकडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि जुलैत तोच टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या वर गेला. तेव्हा तुम्ही कितीदा म्हणालात, त्या ओतलेल्यातला एक क्रेट तरी घरी आणायला हवा होता. आता आणलाच आहे, तर त्यातला अर्धा आधी शेजारीपाजारी वाटून टाका. उरलेला निवडा. हिरवे एकीकडे, लाल एकीकडे. लाल फ्रीजमध्ये कोंबू नका, गारठ्याने त्यांचा वास जातो. टोपलीत देठाची बाजू खाली करून ठेवा. अगदी मऊ झालेले तेवढे आज वापरा.

पहिलं सार, कारण आईला तेच हवं असणार. पिकलेले चार टोमॅटो कुकरमध्ये दोन शिट्ट्या होईपर्यंत उकडा. गार होऊ द्या, घाई करू नका, गरम टोमॅटो मिक्सरमध्ये घातला तर झाकण उडतं. सालं हातानं निघतात. मग मिक्सर, मग गाळणी. नारळ खवत बसू नका. अर्ध्या वाटीचे बारीक तुकडे करून कोमट पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवा आणि फडक्यातून पिळा, दूध तयार. पातेलीत चमचाभर साजूक तूप, जिरं, हिंग, कढीपत्ता, एक हिरवी मिरची उभी चिरून. त्यावर टोमॅटोचा रस, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक करा आणि मगच नारळाचं दूध घाला. त्यानंतर खळखळ उकळू द्यायचं नाही, आंबटामुळे दूध फाटतं. बाबा, तुम्हाला रात्री पित्त होतं, तेव्हा सार दुपारीच प्या, गरम भाताबरोबर.

कोशिंबिरीला गॅससुद्धा नको. टोमॅटो आणि कांदा बारीक चिरा, मूठभर दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. मीठ मात्र पानं वाढल्यावर. आधी घातलं तर पाणी सुटतं आणि कूट चिखल होऊन बसतं.

हिरव्या टोमॅटोची चटणी मी इथे नागपुरात शिकले. शेजारच्या काकू अमरावतीकडच्या, त्या टोमॅटोला भेदरं म्हणतात. तो शब्द ऐकल्यापासून मला ती चटणी दुसऱ्या नावाने हाकच मारवत नाही. हिरव्या भेदऱ्यांच्या फोडी, मिरच्या आणि पाच-सहा लसणाच्या पाकळ्या थोड्या तेलात झाकण ठेवून मऊ करायच्या. भाजलेले तीळ आणि दाणे घालून भरड वाटायचं. एकदम गंध करू नका, दाताखाली आलं पाहिजे. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. तीळ सढळ हाताने घाला, त्यात कॅल्शियम असतं आणि आईला सध्या ते हवंच आहे. हाडांची ताकद मोजायची तपासणी करून घ्यायचं डॉक्टरांना विचाराल ना? घरातल्या घरात, नुसत्या पाय घसरण्याने मनगट मोडलं, हे माझ्या मनातून जात नाही.

पोळ्या हा खरा प्रश्न आहे, तो मला कळतो. पोळ्या पुढच्या गल्लीतल्या बाईंकडून आणा, त्यात काही कमीपणा नाही. एखाद्या रात्री टोमॅटो ऑम्लेट करा. डाळीचं पीठ एक वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि अगदी बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो. टोमॅटोचंच पाणी सुटतं, म्हणून वरचं पाणी बेताबेताने घाला. कडा तव्यापासून सुटल्याशिवाय उलथनं लावू नका. पहिलं मोडेल. माझं अजून मोडतं, आईचंसुद्धा कधीकधी मोडायचं, ती ते स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची.

आई, आता तुझ्यासाठी. तू स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचं, डाव्या हाताने सुरी उचलायची नाही. बाबांनी कांदा जाड चिरला तरी चालेल. आजी श्राद्धाच्या स्वयंपाकात टोमॅटो येऊ द्यायची नाही, आमसूलच लागायचं तिला. पोर्तुगीजांनी आणलेलं फळ, ते देवापितरांना कसं चालेल, असं म्हणायची. त्याच स्वयंपाकघरात तू टोमॅटोचं सार केलंस आणि शेवटी आजीच वाटी पुढे करायला लागली. मग बाबांच्या हातात डाव दिलेला तुला बघवणार नाही, असं कसं होईल?

बाबा, तुमच्यासाठी एवढंच. चाळीस वर्षं तुम्ही त्या ओट्यापाशी फक्त पाणी प्यायला उभे राहिलात. मला तुमच्यावर राग नाही, पण हे चार आठवडे तुम्ही तिथे उभं राहावं असं फार फार वाटतं. गूळ किती, मीठ किती हे वाटीचमच्याच्या मापात मी मुद्दाम लिहिलं नाही. सार झालं की चमच्यात घेऊन फुंकर मारा आणि आईपुढे धरा. काय कमी आहे ते ती सांगेल.

दिवाळीच्या आठ दिवस आधी येतेय. तोवर थोडे हिरवे टोमॅटो माझ्यासाठी राखून ठेवा.

तुमची,
ताई