नुसते ‘यीस्ट’ लिहून भागत नाही

महोदय,

केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर ताप हटत नाही, म्हणून रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होते आणि रिपोर्टात कधी कधी एवढेच येते : ‘यीस्ट आढळले’. घरच्यांना वाटते, निदान झाले. ते अजून व्हायचे असते.

बहुतेकदा हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) कॅन्डिडा निघते. त्यामुळे जातीचे नाव कळेपर्यंत कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन हे बुरशीविरोधी औषध सुरू करणे रास्तच. पण ट्रायकोस्पोरॉन आणि ऱ्होडोटोरुला ही यीस्ट अशा औषधांना जुमानत नाहीत. औषध चालू असतानाच ती रक्तात उगवतात. ट्रायकोस्पोरॉनवर सहसा व्होरिकोनॅझोल देतात. कल्चरच्या प्लेटवर गुलाबी-केशरी ठिपक्यांनी वाढणाऱ्या ऱ्होडोटोरुलावर मात्र त्याचा भरवसा नाही, फ्लुकोनॅझोलचा तर नाहीच. तिथे अॅम्फोटेरिसिन बी लागते. शिवाय ट्रायकोस्पोरॉनमुळे क्रिप्टोकॉकस या आणखी एका यीस्टची अँटिजेन चाचणी (त्याचे अंश शोधणारी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हा चकवा वेगळाच. म्हणून जातीचे नाव आणि औषध-संवेदनशीलता (कोणते औषध लागू पडते), दोन्ही प्रयोगशाळेकडे मागावे.

नाव कळायला यीस्ट आधी उगवायला हवे. प्रौढांत दोन वेगळ्या जागी टोचून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त घ्यावे. दोन-तीन मिलिवर भागवले की जंतू हुकतात. शिरेतून स्निग्ध पोषण घेणाऱ्या नवजात बाळांत मॅलासेझियाची शंका असेल, तर तसे फॉर्मवर लिहावे. हे यीस्ट स्निग्धांशाशिवाय वाढत नाही. त्यासाठी कल्चरच्या माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो, आणि न सांगता तो कोणी देत नाही. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीच्या) आत यीस्टचा चिकट थर बसतो. औषध तिथवर नीट पोचत नाही, म्हणून शक्य असेल तर लाइन काढावीच.

आणि जुलाबावरची एक साधी पुडी. तिच्यातले सॅकरोमायसिस बुलार्डी म्हणजे जिवंत यीस्टच. खाटेपाशी पुडी फोडली की पूड हवेत उडते, हातांना लागते आणि त्याच हातांनी सेंट्रल लाइन हाताळली जाते. पुडी न घेतलेल्या शेजारच्या रुग्णाच्या रक्तातही हे यीस्ट सापडल्याची उदाहरणे आहेत. २०१७ मध्ये युरोपातील औषध नियामकांनी अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी ती निषिद्ध ठरवली. इतर कोणासाठी पुडी फोडायची असेल, तर ती वॉर्डाबाहेर, हातमोजे घालून फोडावी आणि नंतर मोजे टाकून हात धुवावेत.

— एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ