क्रिएटिनिनवर थांबू नका

महोदय,

मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची वार्षिक तपासणी बहुधा रक्तातील क्रिएटिनिनवर (स्नायूंत तयार होणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) थांबते. हे अपुरे आहे. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत तो आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. किरकोळ अंगाच्या वृद्धांत तर अधिकच फसवा, कारण स्नायूच कमी. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन; मूत्रपिंड बिघडले की लघवीत झिरपते) बरेचदा आधी वाढते. सकाळची पहिली लघवी द्यावी. क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या वर आल्यास तीन महिन्यांत पुन्हा तपासावे. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता चढतो.

मूत्रपिंडाच्या या बिघाडाचा मेंदूशीही संबंध आहे. दोन्ही अवयवांना अखंड, भरपूर रक्त लागते आणि दोन्हींच्या बारीक वाहिन्या मोठ्या धमन्यांतला दाब जवळजवळ थेट झेलतात. म्हणूनच लघवीत अल्ब्युमिन झिरपणाऱ्यांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे डाग, छोटे जुने स्ट्रोक अधिक आढळतात. मेंदूच्या अशा इजेत सुरुवातीला स्मरण बरेचसे शाबूत असते. पण सुट्या पैशांच्या हिशेबाला वेळ लागतो, चाल मंदावते, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. गुडघ्यांसाठी परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणे थांबवावे: त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, रक्तदाबही वाढवतात. आरोग्य शिबिरांत साखरेसोबत लघवीची ही चाचणी ठेवावीच.