मिरज सुटल्यावर उघडायचं पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गाडीनं मिरज सोडल्याशिवाय हे पाकीट फोडायचं नाही असं मी तुला बजावलं, कारण तुझा परवाना एकेरी आहे. मिरजेच्या पुढं गेलं की त्यावर लातूरकडं फिरता येत नाही. आधी वाचलं असतंस तर तू कुर्डुवाडीलाच उतरली असतीस. मी ओळखते तुला.

रत्नागिरीची नर्सिंगची जागा तुझ्या गुणांवर मिळाली, त्यात कुणाचा हात नाही. पण घाटाखाली कायमचं राहायचं तर एका नावावर दोन माणसांचं पाणी जमा लागतं. ते शाळेनं भरलं असं मी तुला सांगितलं होतं. शाळेनं नाही भरलं. दुसरं पाणी माझं आहे. माझं खातं, म्हणजे माझ्या नावावर रोज जमा होणारं वाट्याचं पाणी, मी तुझ्या नावे सोडलं.

त्या दिवशी आजीचं औषध आणायला जाते म्हणून मी तहसीलला गेले. खिडकीवरच्या बाईंनी नाव बघितलं आणि विचारलं, "पोरीला देताय? पोरगा नाही का?" मी म्हटलं, एकच लेक आहे, आणि पोरगा असता तरी हाच कागद केला असता. मग नियमाप्रमाणं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: माझ्या वाट्याच्या पाण्यावर यापुढं माझा कसलाही हक्क, दावा वा हितसंबंध राहिलेला नाही, हे मी राजीखुशीनं लिहून देते. माझ्या अंगावर काटा आला. हे शब्द मी लहानपणी ऐकले होते. तुझ्या आजीनं मामांच्या नावे वावर सोडलं तेव्हा मी तिच्या पदराला धरून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभी होते. महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतका वाटा मिळाला होता. आजीला ते माहीत होतं. पण वाटा मागितला तर माहेर तुटतं, हेही माहीत होतं. अंगठा दिला, साडीचोळी घेतली आणि परत येताना अख्ख्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही.

आपल्या घरातल्या बायकांनी आजवर जे सोडलं ते भावासाठी, दिरासाठी, नवऱ्यासाठी. लेकीसाठी कागदावर सही करणारी मी पहिली. सही करताना माझा हात थरथरला नाही, एवढं तुला कळावं.

तुझ्या मोठ्या काकांनी माझं खातं दादाच्या नावे मागितलं होतं. लेक परक्याचं धन, तिला पाणी देऊन घराण्याचं काय भलं होणार, असं ते चार माणसांत बोलले. दादावर माझा राग नाही, पोरगा चांगला आहे. काकांशी मात्र माझं बोलणं संपलं. तुझ्या वडलांचं तुला सगळं ठाऊक आहे, त्यावर मी लिहीत नाही.

बाळा, ही वेळ एका रात्रीत आली नाही. माझी आजी नवी नवरी असताना 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेली. हातावर सुकडी आणि ताटात अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. ती म्हणायची, पोट भरायचं पण चव लागायची नाही. पण तेव्हा विहिरींना थोडंफार पाणी होतं, खायला नव्हतं. नंतर धान्य आलं आणि पाणी गेलं. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण, पाणी राहतं ते त्याच्या भेगांत, आणि त्या भेगा आपण हजार फूट बोअर मारून रित्या केल्या.

तुझी आजी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, मग एक खाडा झाला तरी मुकादम दंड कापणार. पाळीचे दिवस, पोटदुखी, बाळंतपण, सगळ्याचा खाडाच. तालुक्यातल्या एका डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. तिशीच्या आत आजीची पिशवी गेली. 2019 मध्ये बीडच्या अशा बायकांचा बोभाटा झाला, सरकारनं समिती नेमली, घरोघरी विचारणा झाली. तोवर आजीची कंबर कायमची गेली होती. ती उठताना भिंत का धरते असं तू लहानपणी विचारायचीस. हे त्याचं उत्तर.

मी सातवीत असताना लातूरला पाण्याची गाडी आली. 12 एप्रिल 2016. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लावलं होतं, पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. मग मिरजेहून दहा वाघिणींची जलदूत आली, पाच लाख लिटर घेऊन. माझ्या मामीनं मला स्टेशनात नेलं होतं. लोक वाघिणींना हार घालत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो. आज तू त्याच रुळांवरून उलट्या दिशेनं गेलीस. त्या साली सरकारनं पाणी माणसांकडं आणलं. आता ते माणसांतून निवड करतं आणि पाण्याकडं धाडतं.

त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी उसाचं गाळपही केलं होतं, हे तू विसरू नकोस. मी टँकरची नोंदवही हातात घेतली तेव्हा माणशी रोज 20 लिटरचा जुना सरकारी निकष अजून होता. पुढं पंधरा झाले, मग बारा. मग ते बारा लिटर खात्यावर आले, खातं अंगठ्याला जोडलं गेलं आणि एकदा जोडल्यावर ते देता येऊ लागलं, घेता येऊ लागलं. दरवेळी वही बदलली आणि दरवेळी मीच ती भरली. कुठल्या गावाचं किती कमी झालं आणि कुणाचं झालं नाही, ते माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

म्हणून एक मागणं आहे. उद्या तुझ्या कॉलेजात कुणी भाषण करील, या मुलीच्या आईनं केवढा त्याग केला म्हणून. टाळ्या वाजतील. तू उठून सांग की आईला दोनच कागद दाखवले होते, लेकीला इथंच सुकू द्यायचं किंवा स्वतःचं नाव खोडायचं, आणि ते दोन कागद कुणी छापले ते विचारा. मी हे प्रेमानं केलं. पण माझ्या प्रेमाच्या आड त्यांनी लपू नये.

आता माझं. खातं नसलेल्या माणसाला टँकर देत नाहीत, पण कामाच्या बदल्यात पाणी देतात. धनेगावला मांजरा धरणाच्या कोरड्या पोटातला गाळ काढायचं काम आहे. हजेरी लिटरात मिळते, खाडा झाला की कापतात, मुकादम आहेच. सोमवारपासून मी तिथं आहे. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, काम कष्टाचं आहे आणि उन्हाळ्यात काय होईल ते मला सांगता येत नाही. पण माझे गुडघे धड आहेत, आपल्या गावच्या सहा बायका सोबत आहेत आणि संध्याकाळी त्या गाळाच्या ढिगावर बसून ओव्या म्हणतात. आजी घरीच राहील. तिच्या बारा लिटरातलं ती मला देऊ करते. तांब्याभर घेते मी, नाही म्हटलं की ती जेवत नाही.

तुला राग येईल. ये म्हणावं त्याला. पण रागाच्या भरात एक करू नकोस. नव्वद दिवसांच्या आत तुला माझं पाणी नाकारता येतं, तसा अर्ज तुझ्या मोबाईलवर येईल. नाकारलेलं खातं माझ्याकडं परत येत नाही, मी वहीवर काम केलंय म्हणून सांगते. ते साठ्यात जातं आणि साठ्यातून कारखान्यांना विकलं जातं. तू नाकारलंस तर आपण दोघीही गेलो.

पहिल्या महिन्यात मुली चोरून कमी पितात, घरच्यांची आठवण काढून. तू पी. पोटभर पी, केस धू, पाळीत अंघोळ कर. तिकडं पाऊस लागला की आठवडा आठवडा थांबत नाही म्हणतात. पुस्तकं प्लास्टिकात गुंडाळून ठेव. पिशवीत धपाटे आहेत, ते आधी संपव, शेंगदाण्याची चटणी टिकेल. हिरव्या फडक्यात माझ्या नोंदवह्यांच्या नकला बांधल्या आहेत. त्या कुणाला दाखवायच्या ते तुझं शिक्षण झाल्यावर तू ठरव. त्याआधी नको. आणि वसतिगृहात कुणी कुठल्याही कागदावर सही मागितली, तर अख्खा कागद वाचल्याशिवाय देऊ नकोस, मागणारं माणूस कितीही गोड बोललं तरी.

कामावर आलेली पत्रं मुकादम फोडतो. तू आजीच्या नावे लिही. तिला वाचता येत नाही, पण शेजारची पोरगी वाचून दाखवते आणि रविवारी मी घरी येते. पहिलं पत्र पोचल्या दिवशीच टाक. त्यात खोलीत कितीजणी आहेत ते लिही, नळ आत आहे की बाहेर ते लिही, आणि पहिल्या परीक्षेचे गुण आले की विषयवार कळव, नुसती टक्केवारी नको.

तुझी,
आई