चित्रांची कार्डं जपता, तशी तारेवरचीही जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लोणावळा-खंडाळ्याची चार जुनी चित्रकार्डं छापून आली. पान मी कापून ठेवलं आहे. त्यातल्या घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या कार्डाखाली 'सुमारे 1930' असं साल दिलंय. ते चुकलंय, आणि कसं चुकलं असेल याचा मला अंदाज आहे. पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच, पण आता बसलोच आहे तर मनात बरेच दिवस असलेलं दुसरंही लिहितो, घराघरात तारेला टोचून ठेवलेल्या साध्या पोस्टकार्डांबद्दल.

माझे आजोबा त्या स्टेशनावर सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे, होते. वडील लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये फायरमन. मी स्वतः रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून नोकरी केली, म्हणजे रात्रभर टपालडब्यात उभं राहून पत्रं खणात टाकली. घाट आणि पोस्टकार्ड या दोन्ही गोष्टी आमच्या घरातल्याच.

तरुण वाचकांसाठी आधी त्या स्टेशनाबद्दल सांगतो. कर्जतहून चढत आलेली गाडी डोंगराच्या एका सोंडेवर येऊन थांबायची आणि पुढे रूळच संपलेला असायचा. गाडी वळवून घ्यायला जागा नव्हती. मग इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून जाऊन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि इतका वेळ शेवटचा असलेला डबा पुढे होऊन गाडी खंडाळ्याकडे चढायची. 1863 साली घाट सुरू झाला तेव्हापासून हे असंच चाललं. 1929 मध्ये नवी वाट काढली, पुण्यापर्यंत विजेची गाडीही त्याच साली आली, आणि रिव्हर्सिंग बंद झालं. 1 जून 1930 ला निघालेल्या डेक्कन क्वीनला ही जागा कधी माहीतच झाली नाही. आजोबांची बदली लोणावळा यार्डात झाली. ते त्या जागेला नुसतं 'रिव्हर्सिंग' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली येई.

मग 1930 कुठून आलं? कार्डावर टपालाचा शिक्का 1930 च्या आसपासचा असणार. शिक्का सांगतो कार्ड कधी टाकलं ते. फोटो कधी काढला ते तो सांगत नाही. दुकानदार जुना माल वर्षानुवर्षं विकत. माझ्याकडे रिव्हर्सिंगचं कार्ड आहे ते 1931 मध्ये टाकलेलं, म्हणजे स्टेशन बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर. पाठवणाऱ्या साहेबानं ते बहुधा पाहिलंही नसेल.

साल ठरवायचं तर कार्ड उलटं करावं लागतं. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ आहे का, ते आधी बघायचं. पूर्वी मागची सगळी बाजू फक्त पत्त्यासाठी असे आणि मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या पांढऱ्या पट्टीत कोंबावा लागे. इंग्लंडमध्ये 1902 ला ही रेघ आली, काही वर्षांत आपल्याकडेही. तिकिटावर राजा कोणता, एडवर्ड की जॉर्ज, ते बघायचं. गावाचं नाव कसं छापलंय तेही. आमचं लोणावळा जुन्या कार्डांवर 'लानोली' असतं. पूर्वी एक शिक्का टपाल निघतानाचा असे आणि दुसरा पोचल्याचा, त्यामुळे कार्डाला किती दिवस लागले तेही निघतं. हे सगळं मागच्या बाजूला असतं आणि आपल्या पानात चारही कार्डांच्या फक्त पुढच्या बाजू छापल्या. तुमचाच नव्हे, सगळ्यांचा हाच रिवाज आहे. एका प्रदर्शनासाठी मी विश्वासानं अकरा कार्डं दिली होती. परत आली ती लॅमिनेट होऊन, आणि त्याआधी कोणीतरी तीन कार्डांवरची तिकिटं कापून घेतलेली. त्यातल्या एकावरचा शिक्का तिकिटासोबतच गेला. ते कार्ड आता कोणत्या सालचं हे सांगता येत नाही.

चित्रांवरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. त्या काळातली पुष्कळ रंगीत कार्डं जर्मनीत छापून येत. रंग भरणाऱ्यानं घाट पाहिलेला नसे. माझ्याकडे नागफणीची, म्हणजे साहेबांच्या ड्यूक्स नोजची, दोन कार्डं आहेत. दोन्हींचा मूळ फोटो एकच, सावल्यासुद्धा त्याच. एकात डोंगर विटकरी आहे, दुसऱ्यात निळा, आणि दुसऱ्यात आकाशात जे ढग आहेत ते पहिल्यात नाहीत. (गंमत अशी की आमचे डोंगर जर्मनीत छापले जात होते तेव्हा शेजारच्या मळवलीला राजा रविवर्म्याच्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीची कार्डं निघत होती, आणि तो छापखाना पुढे चालवणारे फ्रिट्झ श्लायखर हे जर्मनच. 1972 च्या आगीत तो गेला. माझी आत्या मळवलीची, ती आग तिला आठवते.)

आता मुख्य गोष्ट.

या चित्रकार्डांत आमचं गाव फारसं नाहीच. घाट आहे, बोगदे आहेत, कार्ल्याची लेणी आहेत, नागफणी आहे. जे बाहेरून येणाऱ्याला दिसलं ते आहे. हा घाट बांधताना 1861 मध्ये 42,000 माणसं कामावर होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ते कंत्राट पुढे नेलं. कामाचे फोटोही तिनं काढले. तिचं नाव निदान कुठेतरी लिहिलेलं आहे. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची गोष्ट घाटातल्या त्याच्या देवळामुळे राहिली. माझ्या कार्डात रुळाशेजारी झेंडी घेऊन एक माणूस उभा आहे. तो माझा आजोबा असेल किंवा नसेलही. भिंगातून पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी चार ठिपके दिसतात.

आपल्या माणसांनी काय लिहिलं ते चित्र नसलेल्या, पाव आण्याच्या साध्या कार्डांवर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एक विक्रेता चित्रकार्डं पाचशे-पाचशेला विकत होता आणि मोडीत लिहिलेल्या साध्या कार्डांचा गठ्ठा खाली पोत्यावर टाकला होता. "काका, ते दहा रुपयांना एक, वाचता कुणाला येतंय," म्हणाला. मी लोणावळ्याचा शिक्का असलेली सहा निवडून घेतली. एका मोडी जाणकारांनी ती बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून दिली. एक ऑगस्ट 1912 चं. लोणावळ्यातल्या धान्याच्या दुकानातला दिवाणजी वाईला भावाला लिहितोय. नऊ दिवस झड लागली आहे. घाटात दरड आल्यानं तांदळाची पोती कर्जतेस अडकली. मीठ दुकानात नाही. मुलीला गोवर आहे, उतार पडतोय. आणि शेवटी: धरणाचे कामावर पाथरवट लोक फार आले, खोलीचे भाडे दीडपट मागतात, घर बदलावे की काय ते कळवावे.

हे वलवणचं धरण असणार. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला 1911 मध्ये बसली आणि 1915 मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज गेली. योजनेबद्दल इंग्रजीत पुष्कळ छापलेलं आहे. पण त्यापायी लोणावळ्यात एका दिवाणजीला खोलीचं भाडं परवडेनासं झालं, हे मला फक्त या कार्डावर सापडलं. कार्डाची किंमत दहा रुपये.

अशी कार्डं लाखो होती. प्रत्येक घरात दाराजवळ नाहीतर देवळीपाशी एक वाकडी तार टांगलेली असे, खाली लाकडी चकती, आणि आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. चाळिशीपुढच्या वाचकांना आठवेल. संग्राहक म्हणतात, मधे भोक पडलं की कार्डाची किंमत गेली. मला ते भोक म्हणजे कार्ड घरात राहिल्याची खूण वाटते. शिवाय तारेवर क्रम असतो, खालचं जुनं आणि वरचं नवं. कार्डं सुटी केली की तो मोडतो. म्हणून विनंती आहे: तार सापडली तर आधी आहे तशीच तिचा फोटो घ्या, मग कार्डं खालून वर नंबर लावून काढा. नंबर पाकिटावर पेन्सिलीनं घाला, कार्डावर नको. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको. साधं कागदी पाकीट आणि कोरडी जागा पुरते.

एक ध्यानात ठेवावं लागतं. वाईट बातमीचं कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी आपली रीत. त्यामुळे तारेवर बारशी सापडतात, लग्नं सापडतात, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली कार्डं सापडतात. मरणं सापडत नाहीत. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आमच्या भागात झाली नाही असं तारा बघून कुणाला वाटेल. माझ्याकडच्या एका तारेत त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची कार्डंच नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरची आहेत, मग एकदम जानेवारी.

आमच्या घरची तार मी गमावली. 1978 मध्ये रेल्वेचं क्वार्टर सोडताना वडिलांनी विचारलं, हिचं काय करायचं, आणि मी म्हणालो, रद्दीत द्या. आयुष्यभर लोकांची पत्रं नीट पोचवली आणि घरची अशी घालवली, याचं दुःख मला आहे. राहिली ती आत्याच्या घरची, मळवलीला. आजोबा शेवटची वर्षं तिच्याकडे होते, तेव्हा त्यांची पत्रंही तिथंच टोचली गेली. त्रेसष्ट कार्डं आहेत. आत्या नव्वदीत आहे, डोळ्यांना दिसत नाही. मी वाचतो आणि ती सांगते हा कोण, ती कुणाची. गेल्या पावसाळ्यात एकोणतीस झाली.

आपल्याला मागणं एवढंच. जुनं चित्रकार्ड छापाल तेव्हा मागची बाजूही छापा, लहान का होईना. त्याच्याशेजारी आठवड्याला त्याच गावचं एक साधं कार्ड छापा, वाचकांकडून मागवून. आजही हयात असलेल्यांच्या खाजगी गोष्टी आणि पत्ते मात्र वगळावेत. मोडी वाचणारी मंडळी महाराष्ट्रात आहेत, ती आनंदानं मदत करतील. गावोगावच्या वाचनालयांनी एक वही घालावी, कोणाच्या घरी कोणत्या सालची तार आहे एवढीच नोंद. कार्डं ज्याची त्याच्या घरीच राहू देत. घाई यासाठी की माणसं जात आहेत. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत घाटातला 1830 चा अमृतांजन पूल पाडला, त्याचे फोटो तरी हजारो आहेत. कार्डावरचा 'रा. रा. दादा' नेमका कोण, हे आत्यानंतर कोणी सांगू शकणार नाही.

सुरुवात म्हणून आत्याच्या तारेवरचं एक कार्ड सोबत पाठवतो आहे, दोन्ही बाजूंची प्रत. 1938 चं आहे. आजोबांचा रिव्हर्सिंगवरचा एक सोबती रेल्वे सोडून शेतीवर गेला, त्याचं. लिहितो की विहिरीला बावीस हातांवर पाणी लागलं, सगळी आळी बघायला जमली, तुम्ही हवे होतात. वर गावाचं नाव लिहिलंय, पण तार नेमकी तिथूनच गेली आहे आणि मागे फक्त 'गाव' उरलंय. कुसगाव असेल, डोंगरगाव असेल, वेहेरगावही असेल. आत्याला आठवत नाही. या तिन्ही गावांतल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी त्या साली खणलेल्या विहिरीची गोष्ट सांगत असतील, तर आपल्या पत्त्यावर जरूर कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, रेल्वे मेल सर्व्हिस
लोणावळा